गोड्या पाण्याचा हिशोब

विमान घेतलं ते किलोवर.
धड वेगळं, पंख वेगळे, काट्यावर चढवले
आणि भंगाराच्या भावाने पावती फाडली.
ती पावती आहे अजून. तिच्या पाठीवर
आबांनी केलेली बेरीज, दोनदा खोडलेली.

दोन ट्रक लागले. हातखंब्याच्या वळणावर
शेपूट वडाच्या पारंब्यांत अडकलं,
फांदी तोडल्याचे पन्नास रुपये तिथेच गेले.

पूर्णगडच्या खाडीवर, सड्यावरच्या आंबापेट्यांच्या शेडमध्ये
ते उभं राहिलं : हार्वर्ड, नऊ सिलिंडरचं.
जोधपूरला याच्याच कुठल्यातरी भावंडाच्या पोटाखाली
आबांनी ऐन विशीतली चार वर्षं उताणं पडून काढलेली.
गाव म्हणालं, शिवलकर फिटरांनी म्हैस आणली.

वही मी लिहायचे. आठवीत होते, अक्षर बरं होतं.
टायर एक रोख, एक उधार.
रिव्हेट पावशेर.
आबा ओरडले : रिव्हेट पावशेर नसतात,
मोज. चारशे बारा.
मॅग्नेटो परदेशातून. त्याच्याखाली जकात,
मॅग्नेटोहून जड.
त्याच्याखाली : विहिरीकडली अकरा कलमं, विकली.

शेपटीच्या सुकाणूला कापड असतं, हे तेव्हा कळलं.
ते शिवायला आला इब्राहिम होडेकर.
होड्यांना इंजिनं आली तशी त्याची शिडाची सुई
डब्यात खोबरेल पिऊन पडली होती.
तीन रात्री मांडी घालून बसला,
टाका असा घातला की वाऱ्याने विचारून आत यावं.
पैसे नको म्हणाला. उरलेलं रोगण नेलं, होडीला.
मी लिहिलं : होडेकर, शून्य.
आबांनी शून्य खोडायला लावलं.
त्या जागी काय लिहायचं ते सांगितलं नाही.

पण खाल्लं ते मिठाने.
वारा खाडीवरून येतो, जीभ लावून जातो,
आणि जोडाजोडांतून पांढरं पीठ फुगतं,
पत्रा आतून भाकरीसारखा पोकळ होतो.
औषध एकच. आठवड्यातून दोनदा
गोड्या पाण्याने आंघोळ.
मे महिन्यात. सड्यावर.
विहीर एकशे ऐंशी पायऱ्या खाली,
तळाशी कळशी कलती धरून
पाझराची वाट बघायची.

चाळीस कळश्या. वीस आई, वीस मी.
"माझं अळू करपलं," आई म्हणायची,
"आणि मी तुमच्या म्हशीला न्हाऊ घालते."
म्हणायची आणि आणायची.
वहीत पाण्याला रकाना नव्हता.

एकदा सुरू झालं.
चाकांना चिरे लावले, शेपूट माडाला काथ्याने बांधलं.
आधी खोकला, निळा धूर,
मग सगळ्या कातळाच्या पोटात घरघर.
शेडचे पत्रे वाजले, कैऱ्या गळल्या,
होडेकर डोळे मिटून एकटा सुकाणूकडे बघत होता,
म्हणजे ऐकत होता.
अकरा मिनिटं.
वीस लिटर, त्या काळचे.
उडवायच्या परवान्याचा आकडा कागदावर आला होता,
तो मात्र आबांनी मला लिहूच दिला नाही.
इंजिन थांबलं. काळ्या तोंडाने खाली उतरले,
आईला म्हणाले, "ऐकलंस?"
आई म्हणाली, "ऐकलं. आता धुवायचं?"

आबा गेले त्याला नऊ वर्षं झाली.
आता नळ आहे, नळाला मीटर आहे.
मुंबईचा एक हॉटेलवाला येऊन गेला,
दारात, दिव्यांच्या माळा सोडून, उभं करायचं म्हणत होता.
त्याने किंमत विचारली.
मी वही काढली आणि परत ठेवली.

आईला आता नीट दिसत नाही.
पश्चिमेचा वारा सुटला की काठी टेकत शेडमध्ये येते,
पंखावर बोट फिरवते,
बोट जिभेला लावते.
"खारट," म्हणते. "पाणी सोड."