सांग, किती पायऱ्या

सम्मेदने त्याचा जुना लॅपटॉप दिला,
स्क्रीनला कोपऱ्यातून तडा,
ल आणि ळ ज्या बटणावर, ते बटण मेलेलं.
बाकी ठणठणीत आहे काका, म्हणाला,
सर्व्हरला तोंड लागत नाही, नुसता जीव लागतो.

ठेवायचा कुठे?
गावभागात हा प्रश्न आधी भिंतीला विचारतात.
पाचच्या पुराची रेघ माझ्या छातीशी,
एकोणीसची डोक्याच्या वर हातभर.
कितीदा रंग दिला तरी ओल तिथूनच उगवते.
म्हणून माळ्यावर फळी ठोकली,
हळदीच्या रिकाम्या पोत्यांशेजारी.
आजवर या घरात सगळ्यात उंच देव होते.
आता त्यांच्याही वर हा, निळा डोळा मिचकावत.
आक्का म्हणाली, बसू दे,
देवांना पोहता येतं.

आक्का रोज पहाटे घाटावर जायची,
पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजायची.
कॅलेंडरच्या चौकटीत वर दूध, खाली पायऱ्या.
दीड. बत्तीस.
दीड. एकतीस.
अडीच, पाहुणे आलेले. एकोणतीस.
अशी चव्वेचाळीस वर्षं खिळ्याला एकावर एक.
त्यातली बारा पुरात लगदा झाली.
नदीने स्वतःच्याच नोंदी वाचायला नेल्या
आणि परत केल्या नाहीत.
मग गुडघे गेले.
दोन वर्षं झाली, चौकटीत नुसतं दूध.

उरलेली बत्तीस वर्षं मी एका बोटाने टाइप केली.
ल लागला की दुसऱ्या फाइलीतून उचलून आणायचा,
शेजारून विरजण आणावं तसा.
शीर्षकात मात्र चुकलो.
सांगली लिहिताना ल उमटलाच नाही,
पोरकी वेलांटी मी पुसून टाकली,
उरलं नुसतं
सांग.
सम्मेद म्हणाला, राहू द्या.

मुबारक नदाफच्या गच्चीवरून घाट दिसतो.
आमच्या गच्चीवरून मुबारकची गच्ची.
मध्ये कडुलिंब, कुणाच्याच मालकीचा नाही.
दोन पांढऱ्या थाळ्या समोरासमोर बसवायच्या,
मी इकडे पाना घेऊन, तो तिकडे,
आणि फोनवर दोघं ओरडतोय:
उजवीकडं. आणि जरा. लई झालं, मागं घे, मागं!
असं आम्ही शेवटचं बोललो ते एकोणीसला,
नावेची दोरी फेकताना.
नंतर रस्त्यात नुसती मान हलवायचो.
भांडण नव्हतं. काम नव्हतं.

फांदी हलली की घाट थिजतो,
वारा पडला की पाणी पुन्हा वाहू लागतं.
फांदी तोडू का, मुबारकने विचारलं.
नको म्हटलं. थोडं थिजू दे.

राउटरमध्ये एक दार उघडावं लागतं,
बाहेरच्याला माळ्यापर्यंतची वाट सांगावी लागते.
पहिल्याच रात्री दोनशे अकरा जणांनी दार ढकललं.
मी हरखलो. हिला उठवून सांगितलं.
सकाळी सम्मेद हसला: माणसं नव्हेत काका ती,
यंत्रं आहेत, कुलूप हलवून बघतात आणि पुढं जातात.
मग मी पासवर्ड लांब केला.
त्यातही ल नाही.

आक्काला खाटेवर फोन दिला.
काचेवर बोट टेकवून मोजायला लागली,
बोट लागलं की चित्र सरकायचं,
ती पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी बोट न लावता, नुसत्या ओठांनी.
सव्वीस.
मी म्हटलं, पंचवीसच दिसतात.
खालची गाळात हाय, म्हणाली.
दिसत न्हाई म्हणून न्हाई व्हय?
मग कॅलेंडर मागितलं.
तुझ्या त्या खोक्याचं लाईट गेली की आंधळं.
आणि दुधाखाली, थरथरत, दोन आकडे काढले.

रात्री मी यादी उघडून बसलो.
कुलूप हलवणाऱ्यांच्या त्या गर्दीत
एक पत्ता ओळखीचा, कडुलिंबापलीकडचा.
अडीच वाजता मुबारक पायऱ्या बघून गेला होता,
स्वतःच्या गच्चीवरून दिसत असताना.