जेवणानंतर

सकाळी पावणेनऊ. पाटनीपुऱ्याच्या वळणावर
पोहे, वर शेव, वर जिरावण,
नको म्हणायच्या आत त्याने भुरभुरलेलं.
मी उभ्यानेच खाते.
बसले की उठताना लोक बघतात.

काहीतरी पोटात पडल्यावरच, असं बेग डॉक्टर म्हणाले होते.
हे काहीतरी आहे.
मग पर्समधल्या पुडीतून अर्धी गोळी.
तोडलेली कड जिभेला खरखरीत लागते.
गाडीवाल्याच्या जगातलं पाणी.

ती विरघळेपर्यंत बस एमवायपाशी येते.
प्रत्येक गतिरोधक कमरेत चढतो,
मांडीच्या मागून उतरतो, पोटरीत जरा थांबतो,
अंगठ्याशी येऊन विझतो.
रस्ता मला पाठ आहे. दोन्ही.

दवा बाजार, तिसरा मजला.
एकोणीस वर्षं मी बिलं करते.
डायक्लोफेनॅक, पन्नास पेट्या, धार.
एटोरिकॉक्सिब, नव्वद डबे, खरगोन.
मग बडवाह, सेंधवा.
माळव्या-निमाडात एवढी दुखते कंबर?
कापूस वेचताना, विटा उचलताना,
की माझ्यासारखी, नुसती स्टुलावर बसून?
बिलात विचारायला जागा नसते.

साडेनऊला गोळी लागते.
लागते म्हणजे काय, नीट सांगता येत नाही.
शेजारचा मिक्सर बंद पडला की कळतं ना,
इतका वेळ तो चालू होता,
तसं काहीसं.
त्या दोन-अडीच तासांत मी फार चांगली बाई असते.
पारसजींच्या विनोदाला हसते.
खालच्या फळीवरची फाईल वाकून काढते,
जी काढायची नसते.

नसेला मात्र तिचं काही नाही.
डाव्या पावलात मुंग्या, त्यांचं वारूळ तिथेच.
त्यांच्यासाठी रात्रीची वेगळी गोळी,
जी घेतली की सकाळी नणंदेचं नाव आठवत नाही.
त्यात वाईट काही नाही.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला.
क्रिएटिनिन एक पूर्णांक चार.
बेग डॉक्टरांनी आकड्याखाली रेघ ओढली,
मग तिच्याखाली अजून एक.
"आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस शेका, चाला."
बाकीचे दिवस पाच असतात.
मी मंगळवार धरला, शुक्रवार धरला,
उपासाचे वार धरावेत तसे,
फक्त उलटे.

पेट्या रामरतन वर आणतो. लिफ्ट दिवाळीपासून बंद.
मागे एकदा जिन्यात त्याच्या खिशातून
फुटक्या डब्यातली पट्टी डोकावत होती,
मी जिला 'डॅमेज' लिहिते ती.
किती घेतोस?
तीन. कधी चार.
काही खाऊन?
तो हसला. "चाय भी तो खाना ही है, ताई."

एकोणीस वर्षांत डॅमेज कुठे जातं
हे मी कधी विचारलं नव्हतं.

हल्ली पोहे दोन बांधून घेते.
रक्त तपासून घे म्हटलं.
तो हो म्हणाला,
पाठीवर पेटी असताना माणूस म्हणतो तसा.

काल गुरुवार. गोळी नाही.
संध्याकाळी बसस्टॉपवर पोचले
तेव्हा एका बाईने माझ्या पायाकडे बोट केलं.
डाव्या पायात चप्पल नव्हती.
कुठे सुटली, पावलाला पत्ता नाही.
तळव्याला काळं लागलेलं, एक खडा रुतलेला,
मी तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा काढला.

तेवढ्यात रामरतन आला, तीन मजले उतरून,
हातात चप्पल, दोन बोटांत, जपून धरलेली.
वाकून ती माझ्या पायापुढे ठेवली
आणि वाकलेलाच राहिला.

लोकांना वाटलं, पाया पडतोय.

मी त्याला धरलं. दंडाला नाही.
कुठे धरायचं ते मला माहीत होतं.
बस आली, थांबली, गेली.