काहिलीचा हिशेब

सीना चार महिने नदी,
उरलेले आठ महिने वाळू आणि टरबुजाचे वेल.
त्या चार महिन्यांवर आमच्या घराची चूल.

खापरपणजा यमाजी कोळी.
गुऱ्हाळातून बाद झालेल्या दोन काहिली
बाभळीच्या दांड्यांनी एकमेकींना जखडून
त्यानं नाव केली. तळाला गुळाची काळी खरपुडी
तशीच राहिली; ऊन तापलं
की नावेला रसाचा वास यायचा
आणि मुंग्या फुकटात नदी ओलांडायच्या.

पलीकडून बार्शीचा कापूस,
अलीकडून सोलापूरची घोंगडी, लुगडी,
चनबसप्पा वाण्याच्या सुपारीची पोती.
लमाणांचे बैल पोहत यायचे,
त्यांच्या पाठीवरचं मीठ मात्र काहिलीतून.
हरपा नाईक दर खेपेला भांडायचा :
तीन पोती चढवली, पावणेतीन उतरली.
यमाजी म्हणायचा, पाव नदीचं.
तिलाबी आळणी गिळवत नाही.

हिशेब भिंतीवर, कोळशानं.
पोत्याला उभी रेघ, माणसाला आडवी.
माहेरी निघालेल्या बाळंतिणीला रेघच नाही.

मग एका भाद्रपदात रूळ आले.
दोन्ही काहिलींवर आडवा टाकून, एका खेपेला एकच.
पाणी काठाशी बोटभर.
सोबत टोपीवाला साहेब, त्याचा मुकादम विचारी,
म्हातारबा, खडक कुठं लागतो?

यमाजीला ठाऊक होतं. तीस वर्षं
त्याच्या वेळूनं नदीचं पोट चाचपलेलं.
जागा दाखवत गेला,
एकेका जागी वेळू उभा रोवून थांबला,
साहेब काठावरून दुर्बिणीतून बघे,
वहीत काहीतरी लिही.
मजुरी सव्वा रुपया आणि एक वापरलेलं पागोटं.
त्या दिवशीची रेघ कशी मारायची
ते त्याला सुचलं नाही.

पहिली गाडी पुलावरून गेली
तेव्हा अख्खं गाव दरडीवर.
हा खाली, रिकाम्या काहिलीत बसलेला.
मीठ, कापूस, सुपारी, सगळं
डोक्यावरून एका दमात पार झालं.
लोक म्हणाले, बोल की काहीतरी.
तो म्हणाला,
दुसरा खांब हातभर डावीकडं घेतलाय.
तिथं चिखल आहे.

भिंत पडली, रेघा मातीत गेल्या.
एक काहील ठिगळं लावून अजून गोठ्यात आहे,
म्हशी तिच्यात पाणी पितात.
गाडी आली की त्या पाण्यावर
बारीक वर्तुळं उठतात,
म्हैस तोंड वर करते,
आणि मी, कामात असलो तरी,
दुसऱ्या खांबाकडं एकदा बघून घेतो.