दहा ग्रॅम

गुजरीत आमचं दुकान म्हणजे एक काटा,
एक काचेचं भांडं, आणि नानांचं स्टूल
ज्यावर बारा वर्षं मी बसते.

दागिना आधी हवेत तोलायचा,
मग दोऱ्याला टांगून पाण्यात.
तळाला टेकू द्यायचा नाही, काठाला नाही.
नक्षीत बुडबुडे अडकतात,
ते ब्रशनं झटकायचे, नाहीतर आकडा फसवतो.
एकशे पाच ग्रॅम चांदी
पाण्यात पंचाण्णव भरते.
अकरा उतरले तर समजायचं,
आत तांबं निम्म्याच्या वर.

हौसाक्का चौगुले बावड्याहून आली.
पिशवीतून रुमाल, रुमालातून पेपरचा पुडा,
पुड्यात सासूचा एक तोडा.
"दुसरा दिराकडं. लेकीची फी भरायची हाय, बघ."
दोरा ताणला. आकडा डगमगला, थांबला.
दहा. बरोबर दहा.
मी हसले, तर हिचं तोंड उतरलेलं:
"धा ग्रॅम खाल्लं की गं पाण्यानं!
गेलं कुठं?"

हे कुणी विचारलं नव्हतं.

मी भांडंच काट्यावर ठेवलं, पाण्यासकट,
आकडा शून्यावर आणला.
तोडा हातात दोऱ्यानं धरून
आत सोडला, अधांतरी.
हात स्थिर व्हायला वेळ लागला.
मग काट्यावर: दहा.

ती वाकून बघत राहिली.
"म्हंजे त्येच उचलतंय व्हय."
आणि जरा वेळानं,
"पुरात मोकळा सिलिंडर गेला वाहत पार शाळेपतोर,
पाटा जाग्याला. आता कळलं."

रंकाळ्यात माझ्या पाठीला डालड्याचा डबा होता,
झाकण मेणानं बंद केलेलं.
डबा सुटला तेव्हा पोटाखाली नानांचा तळवा.
मी पाय मारत, ओरडत, "सोडू नका, सोडू नका,"
आणि वळून बघते तर
नाना काठावर विडी पेटवतायत,
काडी विझतेय, दुसरी काढतायत.
हात कधी काढला, शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हौसाक्कानं तोडा लुगड्याला पुसला, पुड्यात बांधला.
"आज मोडत न्हाई. येतो मी," म्हणाली,
आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं.

वहीत लिहिलं: हवेत एकशे पाच,
पाण्यात पंचाण्णव.
भांड्याचा रकाना
आमच्या वहीत आखलेलाच नाही.