शर्ट काढा, सार्जंट

डलूथच्या पोलीस ठाण्यामागे
गस्तीच्या दोन गाड्या बाहेर बर्फात काढून
गॅरेजमध्ये आम्हाला जागा दिलीय.
एक खाट, एक पडदा, ईसीजीचं यंत्र
आणि एक हीटर, जो फक्त माझे घोटे तापवतो.

सकाळपासून अकरा जण झाले.
प्रत्येकाचा विनोद तोच :
'बघा बाई, हृदय सापडतंय का. बायको म्हणते, नाहीच.'
अकराही वेळा हसले.
तेही कामातच धरते मी.

बारावा वेंडेल कांगास.
नोकरी सत्तावीस वर्षं, त्यातली एकोणीस रात्रपाळीची.
शर्ट काढा, सार्जंट.
आधी पट्टा निघतो, मग चिलखती जाकीट, मग शर्ट.
रेडिओ मात्र उशीपाशी.
'बंद करा तो.'
'हळू करतो,' म्हणतो,
आणि करत नाही.

जाकिटाच्या कडा कातडीत उमटल्यात,
बरगड्यांवर, खांद्यांवर,
हलवलेल्या कपाटाची खूण फरशीवर राहावी तशा.
मी ते उचलून खुर्चीवर ठेवते.
तान्ह्या पोराएवढं जड.
छातीचा कोट करणं म्हणतात ते हेच असेल,
पण हा कोट बाहेरच्या बाजूनेच बांधलेला.

पांढरे केस चार जागी भादरावे लागतात.
चाकूसमोर मागे न सरलेला माणूस
माझ्या प्लास्टिकच्या वस्तऱ्याला अंग चोरतो.
चकत्या गार आहेत.
सांगितलं होतं मी, गार आहेत.

मग बोलतो. आडवं केलं की माणसं बोलतात.
गोदीवरच्या मारामाऱ्या,
लोखंडाच्या मातीखाली उलटलेला ट्रक,
आत कोण आहे हे आधीच ओळखलेलं.
जेवण गाडीत, पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
हाक आली की घास गालातच.
'छातीत जळजळतं कधीमधी. कॉफीचं.'
आणि जिना चढताना?
'जिना जुनाय आमचा.'

नोव्हेंबरात लायल ओस्टबी लॉकरसमोर खाली बसला.
एक बूट पायात, एक हातात.
सगळ्यांना वाटलं, नाडी सोडवतोय.
वय एक्केचाळीस, ठाण्यात सगळ्यांत वेगाने पळणारा.
हे मला त्यांच्या कॅप्टनबाईंनी फोनवर सांगितलं.
वेंडेल सांगत नाही.
तो छताकडे बघत एवढंच विचारतो,
'लायलचं दिसलं असतं यात?'

छातीठोक सांगावं असं आमच्या धंद्यात फार थोडं.
'कदाचित,' म्हटलं.

बराच वेळ फक्त हीटर बोलत होता.
मग त्याने हात लांब केला
आणि रेडिओ बंद केला. स्वतःच.

कागद सरकू लागला.
माझं काम रेघा काढायचं, वाचायचं नव्हे.
पण अठरा वर्षं रेघा काढून
डोळे अडाणी राहत नाहीत.
एका जागी रेघ बसकी होते,
पुन्हा होते,
पुन्हा.
माझ्या काळजात धस्स होतं, तोंडावर काही नाही.
तोंडाचंही शिक्षण होतं आमच्याकडे.

'डॉक्टर पलीकडच्या खोलीत आहेत. आत्ताच भेटा.'
'रात्री ड्यूटी आहे.'
'आत्ता.'

तो माझ्याकडे बघतो,
जसा संशयिताकडे बघत असेल, खरंखोटं तोलत.
मग शर्टाची बटणं लावतो, एक चुकीच्या काजात.
जाकीट घालत नाही. हातावर टाकून चालत जातो,
आणि दाराशी थांबून म्हणतो,
'जिना जुना नाही. गेल्या वर्षीच नवा केला.'

बाहेर सरोवरावर बोटीचा भोंगा.
पडद्यातून तेरावा डोकं घालतो,
चोवीस वर्षांचा, कान थंडीने लाल.
विनोदबिनोद काही नाही.
हळूच विचारतो, 'सुई टोचतात का हो?'