तुकडा

तांबट आळीत बेचाळीस वर्षं मी बंब ठोकले.
बंब म्हणजे तरी काय,
पाण्याच्या पोटातून वर गेलेली एक नळी.
खाली विस्तव, वर धूर.
नळी चोंदली की बंब रडतो.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

फेब्रुवारीत भाकरी अडली.
मग दुधात कुस्करलेली भाकरी अडली.
मग इंदू पेज चहाच्या गाळणीतून गाळून द्यायला लागली.
गाळणीत राहिलेली शितं ती आत जाऊन खायची.

डॉक्टर कोठुळ्यांनी कागदावर अन्ननलिका काढली.
वाकडी काढली. पेन मागून मी सरळ केली.
इथे, ते म्हणाले. ऑपरेशन करू,
पण आधी औषध. गाठ आकसली तर काढणं सोपं.
कोणतं औषध?
ते जरा थांबले.
ते थांबणं मला आवडलं.

नेहमीचं एक आहे, बहुतेकांना तेच देतो.
नाहीतर तुमच्याच गाठीचा तुकडा
लॅबमध्ये जिवंत ठेवायचा,
त्यावर चार-पाच औषधं घालायची,
आणि बघायचं, कशानं मरतो.

मी हसलो. हसताना दुखलं.
अहो, आम्ही दुसरं काय करतो?
नवसागर किती, आच किती,
आधी कतरणीवर. मग भांड्यावर.

रात्री मात्र डोळा लागेना.
कतरण म्हणजे भांडं नव्हे.
तिला काठ नसतो, बूड नसतं,
तिच्यात कुणी पहाटे चारला पाणी तापवलेलं नसतं.
सकाळी फोन करून हेच विचारलं.
खरं आहे, डॉक्टर म्हणाले,
बशीतल्या पेशींना यकृत नसतं, उलटी होत नाही.
बशीत जे चालत नाही, ते अंगात बहुधा चालणार नाही.
चाललं, तर अंगातही चालेलच,
असं मी लिहून देणार नाही.

तुकडा बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेला.
मी सहा वर्षांत पुण्याला गेलेलो नाही.
सिन्नर, संगमनेर,
नारायणगावला ड्रायव्हर चहाला थांबला असेल.
घाटात लागलं नसेल ना त्याला, इंदू म्हणाली,
आणि मग आम्ही दोघंही गप्प.

दहा दिवस.
समोरच्या दुकानात वाल्मीकचा पोरगा परात ठोकायचा,
दर सातवा-आठवा ठोका चुकीचा.
ओरडायला आवाज नव्हता.
नवव्या दिवशी साधं पाणीसुद्धा
घशाखाली विचार करून उतरलं.

रिपोर्ट आला.
नेहमीच्या औषधानं तुकडा जेमतेम दचकला होता.
तिसऱ्यानं बराचसा मेला.
मी म्हटलं, मग झालं की.
डॉक्टर म्हणाले, बसा.
या औषधानं बोटं बधिर होतात.
काहींची पुन्हा येतात.
काहींची नाही.

मी हात टेबलाखाली घेतले.
का, ते माहीत नाही.
पत्रा कुठे पातळ झालाय, हे डोळ्याला दिसत नाही.
अंगठ्याला कळतं.

द्वारकेपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही.
सिग्नलला इंदू म्हणाली,
लेंग्याची नाडी मी बांधून देईन.
रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
मी म्हटलं, आणि बटणं?
ती म्हणाली, बटणंही.

पहिली सलाईन सोमवारी.
रविवारी दुकान उघडलं, लाइट लावला नाही.
ओझरच्या एकांचा बंब तयार होता, न्यायचा राहिलेला.
डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली,
मठारलेला एकेक ठोका मोजत,
वरून खाली, ओळीनं.
एकशे बारापर्यंत आलो
आणि इंदू वाटी घेऊन दारात उभी.

परत पहिल्यापासून मोजावं लागणार.
आधी पेज घेतली.
अर्धी वाटी.
तेवढी गेली.