पट्टी

म्हातारा तारांना घाबरत होता.
म्हणून आधी नातवाला झोपवलं, दाखवायला की दुखत नाही.
एदमिल, एकोणीस वर्षांचा, गुडघ्यावर मैदानाची माती तशीच.
कागद सरकत आला आणि मी दचकले :
सुळक्यापासून सुळक्यापर्यंत साडेसहा मोठे चौकोन.
तीनशेला भागलं. शेहेचाळीस.
नेलिदा हसली. चौदा वर्षं ती या मिस्केच्या खोऱ्यात नर्स आहे,
मी डॉक्टर, अकरा आठवड्यांची.
"सुळका नको बघू. त्याच्या आधीचं टेकाड बघ.
प्रत्येकाला आपापलं आहे? अंतर तेवढंच आहे?
मग पोरगा चेंडूमागे धावतो, एवढंच. सावकाश म्हणजे आजार नव्हे."

मग एलेउतेरियो कोल्के.
विटा पाडणारा. गेल्या महिन्यात भट्टीपाशी दोनदा भोवळ.
नऊ चौकोन. तेहतीस.
या वेळी ती हसली नाही.
पाकिटाची कड फाडून तिनं मला दिली.
दोन टेकाडांवर पेन्सिलीच्या दोन खुणा कर, सरकव.
साडेतीन चौकोन, पुन्हा साडेतीन, पुन्हा,
एक सापडेना, तर ते टी-लाटेच्या पदराखाली लपलेलं.
वरचा कप्पा वेळेवर हाक मारतोय.
खालचा आपल्याच तंद्रीत.
दोघंही नेमाचे, दोघंही चोख,
फक्त एका छपराखाली
चुली वेगळ्या झालेल्या.

विंचू डसला तर माणूस ओरडतं तरी.
विंचुका चावते तेव्हा झोपही मोडत नाही.
मातीच्या भिंतीच्या भेगेतून रात्री उतरते,
गालावर बसते, जाते.
तीस-चाळीस वर्षं काही होत नाही.
त्यानं आयुष्यभर पाडल्या त्याच विटांची भिंत होती.
हे मी बोलले नाही. त्याला ठाऊक असावं.

"संथ आहे ना?" त्यानं विचारलं. "बरंय. चढाला संथ माणूस दमत नाही."

एदमिलनं स्वतःची पट्टी मागून घेतली, घडी घालून खिशात.
आजोबाची आम्ही ठेवली, शहरातल्यांना दाखवायला.

कोचाबाम्बा अजून तीन तास.
रुग्णवाहिकेतल्या यंत्राची बॅटरी पहिल्या घाटातच गेली.
माझी तीन बोटं त्याच्या मनगटावर.
तो खिडकीबाहेर बघतोय, मीही.
एक ठोका.
मोल्येचं एक अख्खं झाड मागे जातं.
मग दुसरा.